उपकारांची आठवण

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. शास्त्राचा खोल अर्थ सांगणे हे पाळकसाहेबांचे काम. पण मोह घरात कोणत्या दाराने शिरतो, हे आपणा बायकांना चांगले ठाऊक असते. म्हणून चार शब्द बोलते.

पाप वाईट, हे कोणाला माहीत नाही? तरी राग आला की जीभ सुटते, शेजारणीचे बरे झालेले पाहवत नाही, घरखर्चातले पैसे बाजूला काढून वर खोटे बोलले जाते. नुसत्या माहितीने मन आवरत नाही. भीतीने आवरते, पण कोणी पाहत असेल तोवरच. मन खरे आवरते ते उपकाराच्या आठवणीने. तीही 'देव सर्वांवर दया करतो' अशी मोघम नव्हे, तर 'त्याने माझ्यावर दया केली' अशी.

दावीद राजाचे पाहा. सुखात पडला आणि ऊरियाची बायको नेली, ऊरियाला लढाईत मारविले. नाथान संदेष्ट्याने शिक्षा सांगण्याआधी त्याला देवाचे उपकार मोजून दाखवले: तुला राज्य कोणी दिले, शौलाच्या हातून कोणी सोडविले? म्हणजे विसर आधी, पाप मागून.

आपल्या नाशकातले शरणपूर घ्या. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या व्यापारातून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना तेथे आसरा मिळाला. सुटका झालेला माणूस पुन्हा आपणहून बेडी घालून घेईल का? ख्रिस्ताने आपल्याला पापाच्या दास्यातून सोडविले. ती सुटका ध्यानात राहिली, तर जुन्या धन्याची हाक गोड वाटणार नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, पुढे बहीणही गेली; रमाबाई आणि भाऊ वाचले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्यावर आधीच शारदा सदनाचा भार होता. 'मला झेपत नाही' म्हणून दार लावून बसल्या असत्या, तर कोणी नाव ठेवले नसते. पण आपल्या उपासमारीची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलीबाळींना घेऊन आल्या. डोळ्यांवर कातडे ओढणे हेही पापच, भगिनींनो. त्यातून त्यांना आठवणीनेच वाचविले.

आता आपण काय करावे? संध्याकाळच्या प्रार्थनेत उपकार नावानिशी सांगावेत. कोणते मूल कोणत्या दुखण्यातून उठले, पीठ संपले त्या दिवशी कोणाच्या हातून आले, आपला कोणता अपराध देवाने पोटात घातला. मुलांनाही ऐकू द्यावे. मग दुसऱ्या दिवशी सुनेला टाकून बोलायला तोंड उघडले, की तीच आठवण हात धरते: तुला एवढी क्षमा झाली, मग हिला का नाही?

कोणी भगिनी म्हणेल, माझ्या वाट्याला दुःखच आले, मी काय मोजू? तिला मी उपदेश करणार नाही. एवढेच म्हणते, वधस्तंभाकडे पाहा; तेथे प्रभूने तुझेही नाव वगळले नाही. आणि आपण बाकीच्यांनी तिच्या घरी जावे. कदाचित तिला मोजता येईल असा पहिला उपकार आपल्याच हातून व्हायचा असेल.

प्रभू आपणा सर्वांस अशी आठवण देवो.