दूरचित्रवाणीची संध्याकाळ



असिसीची संत क्लारा आजारी होती. नाताळच्या रात्रीं भगिनी उपासनेस गेल्या, ती एकटी मागें राहिली. तेव्हां मंदिरांतील सारा विधि तिला खाटेवरूनच दिसला, अशी परंपरा आहे. म्हणूनच १९५८ सालीं पोप बारावे पायस यांनीं तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री ठरविलें.

त्या सालीं आमच्या पिंपरींत पेनिसिलिनचा कारखाना होता, परंतु चित्रें धाडणारें केंद्र जवळपास कोठेंच नव्हतें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें. तोंवर पाळी संपवून आलेल्या कामगारास रेडिओचाच आधार. दिल्लीकडे मात्र २६ जानेवारी १९६७ पासून ‘कृषिदर्शन’ सुरू झालें. भोवतालच्या ८० गांवीं सामायिक संच ठेविले होते. संध्याकाळीं शेतकरी त्यांपुढें एकत्र बसून बीं-खतांची माहिती घेत. घरोघरीं संच नव्हते हें दैन्य खरें; तथापि पाहणाऱ्याच्या शेजारीं माणूस होता, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. (आतां एकाच घरांत चौघे चार पडदे घेऊन बसतात!)

क्लारेस ओढ होती ती आपल्या भगिनींच्या मेळ्याची. २०२० च्या टाळेबंदींत पडद्यावर मिस्सा पाहतांना आपणांसहि तीच लागली होती. अंथरुणास खिळलेल्यांची ती अजून सरलेली नाहीं. येत्या रविवारीं मिस्सेनंतर आपणांपैकीं दोघे-दोघे त्यांच्याजवळ जाऊन बसाल काय?