‘निकामी’ शेऱ्याची गोष्ट

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवात, महाजन व कुळावी मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



श्रींच्या चरणी मस्तक ठेवून चार शब्द बोलण्यास उभा आहे. मी वक्ता नव्हे. माझे आयुष्य कचेरीत टिपणे लिहिण्यात गेले. आजचे बोलणेही एका टिपणाविषयीच आहे, आणि ते टिपण माझ्याच हातचे असल्यामुळे आरंभीच कबुली देणे प्राप्त आहे.

१९९४ साली देवस्थानच्या जिनसांची यादी नव्याने करण्याचे काम समितीने मजकडे सोपविले. अग्रशाळेच्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत तीन व्हिडिओ कॅसेट मिळाल्या. अमेरिकेत स्थायिक झालेले एक कुळावी कुटुंब १९८७ च्या जत्रेस आले होते. त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने उत्सवाचे चित्रण केले व मूळ फिती श्रींस अर्पण करून ते परतले. शेजारच्या घरी व्हीसीआरवर मी त्या लावून पाहिल्या. चित्र फाटलेले, वरखाली धावणारे. रंगाचा मागमूस नाही. आणि चौघड्याचा आवाज जड व ओढल्यासारखा. मी यादीत लिहिले: ‘कॅसेट, नग ३, निकामी.’ पुढच्या वर्षी साफसफाईत तिघींपैकी एक भंगारात गेली. तिच्यावर दशावतारी काला होता, हे पेटीवरील चिठ्ठीवरून कळते. उरलेल्या दोन वाचल्या त्या केवळ पेटीच्या तळाशी राहिल्या म्हणून.

त्या फिती निकामी नव्हत्या. त्या निराळ्या पद्धतीने लिहिलेल्या होत्या, एवढेच.

ही पद्धत म्हणजे काय, ते यथामति सांगतो. दूरदर्शनचे चित्र आडव्या रेषांनी बनते. अमेरिकेत विजेची वारंवारता सेकंदाला ६०, युरोपात ५०. त्या मानाने तेथे चित्राचा वेगही ठरला. अमेरिकेने १९५३ च्या अखेरीस रंगीत प्रक्षेपणासाठी एनटीएससी पद्धती मान्य केली. तीत रेषा ५२५ आणि सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रे, म्हणजे ३० पूर्ण चित्रे. जर्मनीच्या टेलिफुंकन कंपनीतील वाल्टर ब्रुख यांनी पाल पद्धती सिद्ध केली. तीत रेषा ६२५ आणि अर्धचित्रे ५०. फ्रान्सने सेकाम ही तिसरी काढली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, ते पाल पद्धतीने. जपान व कॅनडा एनटीएससीचे; इंग्लंड व पोर्तुगाल पालचे. आपली माणसे जेथे जेथे गेली, तेथील पद्धतीची फीत घेऊन ती गावी आली.

व्हीएचएस कॅसेट बाहेरून सर्वत्र सारखीच दिसते, आणि घोटाळा तेथेच होतो. आतली फीत अर्ध्या इंचाचीच. परंतु अमेरिकेच्या यंत्रात ती सेकंदाला ३३ मिलिमीटरांहून थोडी अधिक सरकते, तर आपल्या यंत्रात २३ मिलिमीटरांहून थोडी अधिक. चित्र वाचणारे डोके ज्या नळकांड्यावर असते, ते तेथे मिनिटाला १८०० फेरे घेते, येथे १५००. केवळ पालसाठी बनविलेले यंत्र अमेरिकेची फीत वाचू लागले, की चित्र फाटते व आवाज जड होतो. मोडी न येणाऱ्याने देवस्थानच्या जुन्या दफ्तरावर ‘निकामी’ लिहावे, तशातलाच हा प्रकार. दोष कागदाचा नव्हे, वाचणाऱ्याचा.

ही गोष्ट मला फार उशिरा समजली. २०१९ साली त्या दोन फिती मी शहरातील एका दुकानी दिल्या. त्या गृहस्थांनी त्यांची पालमध्ये रूपांतर केलेली तबकडी करून दिली. चित्र दिसले, रंगही दिसले. पण पालखी ठेचकाळत चालली होती. ६० अर्धचित्रांची ५० करावयाची तर दर सहांतील एक गाळावे लागते, नाही तर शेजारची दोन एकमेकांत मिसळावी लागतात. ५२५ रेषांच्या ६२५ करताना नसलेल्या रेषा अंदाजाने भराव्या लागतात. म्हणजे ती नक्कल नव्हती, भाषांतर होते. आणि एकदा गाळलेला शब्द भाषांतरावरून परत मिळत नाही.

पुढे त्याच कुटुंबातील पुढच्या पिढीने अमेरिकेहून आपले जुने यंत्र आणले. ते १२० व्होल्टचे. आपली वीज २३० व्होल्टची. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घातला. फितीवर पावसाळी दमटपणाने पांढरी बुरशी आली होती. बुरशीची फीत तशीच लावली, तर यंत्राचे डोके घाण होते व पुढच्या प्रत्येक फितीला ती लागते. म्हणून जाणत्याकडून ती आधी साफ करून घेतली. मग मूळ पद्धतीतच, ७२० बाय ४८० मापात, एकही अर्धचित्र न गाळता तिचे डिजिटल रूप केले. जुन्या फितीतील डळमळ सावरणारे एक साधन मध्ये जोडले होते. पाहण्यासाठी सोयीची प्रत नंतर त्यावरून काढली. हाच क्रम योग्य होय.

त्या रात्री आम्ही पाच-सहा जणांनी ती जत्रा पाहिली. १९९८ साली पाडलेला जुना सभामंडप, त्याचे लाकडी खांब, कौलांतून उतरणारा उजेड. आणि चौघडा त्याच्या खऱ्या लयीत. वाजविणारे आज हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव आमच्यात बसले होते. ते काही बोलले नाहीत. मांडीवर बोटांनी ठेका धरून राहिले.

तेव्हा मंडळी, तीन विनंत्या आहेत. घरी जुनी कॅसेट असेल तर ती कोणत्या देशात भरली याचा शोध घ्या. वेष्टनावरील ‘टी’ किंवा ‘ई’ या अक्षरावरून तर्क करता येतो, कारण ‘टी’ची मिनिटे एनटीएससीच्या वेगाने मोजतात व ‘ई’ची पालच्या. परंतु तो पुरावा नव्हे. कोरी कॅसेट कोणत्याही यंत्रात भरता येते. दुसरी, नक्कल मूळ पद्धतीतच मागा, तिच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि मूळ फीत टाकू नका. तिसरी, विलंब करू नका. व्हीसीआर बनविणारी जगातील शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने ते काम २०१६ च्या जुलैत थांबविले. चालू यंत्रे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

समितीच्या अनुमतीने मी जुन्या यादीतील तो शेरा खोडून खाली सही केली आहे. आता तेथे असे लिहिले आहे: ‘कॅसेट, नग २, एनटीएससी, सुस्थितीत. नग १, गहाळ.’ यांतील शेवटचा शब्द मात्र मला खोडता येणार नाही. तसा शब्द आणखी कोणाच्या यादीत न येवो, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.