अंकाऱ्यातली मुलींची शाळा

1923 साली तुर्कस्तान प्रजासत्ताक झाले आणि अंकारा राजधानी. पाचच वर्षांत अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. अक्षरे बदलली तशा शाळांच्या इमारतीही बदलल्या. व्हिएन्नात जन्मलेले वास्तुकार एर्न्स्ट एग्ली 1927 मध्ये शिक्षण खात्यासाठी काम करू लागले. त्यांनी अंकाऱ्याच्या मुख्य रस्त्यावर 1930 साली इस्मत पाशा मुलींची संस्था उभी केली.

घुमट नाही, कमानी नाहीत, नक्षी नाही. लांबच लांब दर्शनी भाग, त्यावर आडव्या रेषा आणि ओळीने खिडक्या. जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर चुकणारच नाही अशी ही वास्तू. सरकारलाही तेच हवे होते. नव्या देशाची ओळख म्हणून तिची छायाचित्रे सरकारी मासिकांतून झळकली.

आत मात्र शिवणकाम, स्वयंपाक, बालसंगोपन आणि टोप्या बनवणे हे विषय. बाहेरून एवढी धीट इमारत आणि आत आधुनिक गृहिणी घडवण्याचा अभ्यासक्रम, हे मला खटकते. तरीही त्या शिवणयंत्रांना कमी लेखणे बरोबर नाही. कार्यशाळेत बाहेरची कामे घेतली जात. हातातल्या कसबाला मोल आहे, हे मुलींना तिथे कळत होते.

एग्लींनीच पुढे अंकाऱ्यात मुलींचे माध्यमिक विद्यालय बांधले. तिथून विद्यापीठाची वाट खुली होती. 1934 मध्ये तुर्की स्त्रियांना संसदेसाठी मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी त्या निवडून संसदेत गेल्या.