उजव्या पायाचे काम डाव्या हाताला

रोज मोटारसायकल चालवणाऱ्या कुणालाही अचानक विचारा, मागचा ब्रेक कशाने लावतोस? तो क्षणभर थांबेल, उजवा पाय किंचित हलवून बघेल आणि मग सांगेल, "पायाने." इतके ते काम अंगवळणी पडलेले असते. पाय आपोआप खाली जातो, गाडी थांबते, आपण पुढे जातो. तो पाय एक दिवस खाली गेलाच नाही तर काय होईल, याचा विचार कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

श्रोतेहो, मी एडवणचा. नोकरीची वर्षे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत फिटर म्हणून गेली. निवृत्तीनंतर घराच्या पडवीत हत्यारांची पेटी मांडून बसतो. गावातले पंप, सायकली, मोटारसायकली माझ्याकडे येतात. २०१७च्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याच्या उजव्या पायावर कामाच्या ठिकाणी लोखंडी प्लेट पडली. शस्त्रक्रिया झाल्या, पाय वाचला. पण घोटा कायमचा आखडला. चालताना थोडा लंगडतो एवढेच. मात्र घोटा मुडपून पावलाने खाली दाबणे, ही एक गोष्ट त्याच्याकडून गेली ती गेलीच.

कारखान्यातले काम सुटले. घरची वाडी होती. नारळ, पाने, थोडी भाजी. माल सकाळी सफाळे स्टेशनला पोचवायचा, कधी तांदूळवाडीचा घाट उतरून वराई नाक्याला हायवेवर टेम्पोत चढवायचा. यासाठी त्याची शंभर सीसीची जुनी मोटारसायकल दारात उभी होती. पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक असलेली, साधी गाडी. तो मला म्हणाला, "काका, पुढचा ब्रेक हातात आहे ना, मग झालं तर. तेवढ्यावर चालवतो."

डांबरी सडकेवर त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. गाडी थांबताना वजन पुढे झुकते, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचेच चाक करते. पण आमच्या वाड्यांकडे जाणारी वाट डांबरी नाही. अर्धी वाट खाजणाच्या बांधावरून, अर्धी सुरूंच्या मधून वाळूतून. परदेशात हौशी लोक मुद्दाम रस्ता नसलेल्या जागी मोटारसायकली घालतात, त्यांच्या स्पर्धा भरवतात, त्यासाठी वेगळ्या गाड्या विकत घेतात. आमच्याकडे तो रोजचा रस्ता आहे, आणि गाडीवर मागे दोन करंड्याही असतात!

वाळूत आणि निसरड्या मातीत पुढचा ब्रेक जोरात धरला की पुढचे चाक अडते, मातीत रुतते आणि हॅन्डल हातातून निसटते. माणूस पडतो तो सरळ बाजूला. मागचे चाक अडले तर गाडीची शेपटी थोडी हलते, पण हॅन्डल ताब्यात राहते. म्हणून कच्च्या वाटेवर मागच्या ब्रेकची किंमत वाढते. पुतण्या पहिल्याच आठवड्यात दोनदा पडला.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणाले, बिनगिअरची स्कूटर घ्या, तिचा मागचा ब्रेक डाव्या हातातच असतो. बरोबर आहे. पण तिची चाके लहान, पोट जमिनीजवळ. बांधावरच्या चाकोरीत ती टेकते आणि वाळूत रुतते. घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाने गाडी रोखून धरण्याचीही सोय नाही. बाजूला जादा चाके लावलेली गाडी अरुंद बांधावर मावत नाही. एका बुलेटप्रेमी शेजाऱ्याने आठवण दिली की जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायात असे. तेही खरे, पण त्या बुलेटचा गिअर उजव्या पायात असे! शेवटी मीच म्हणालो, आहे त्याच गाडीचा मागचा ब्रेक हातात आणून देतो. त्यात काय एवढे?

"त्यात काय एवढे" हे माझ्या धंद्यातले सर्वांत महागडे वाक्य आहे.

मागच्या ड्रम ब्रेकची रचना सोपी असते. पायाच्या पेडलपासून एक सळई मागे जाते आणि ड्रमवरची छोटी तरफ ओढते. ती तरफ आतला कॅम फिरवते, ब्रेकशू फाकतात आणि ड्रमला घासतात. मी डाव्या बाजूला क्लचच्या दांडीजवळ दुसरी दांडी बसवली, तिथून आवरणातली तार मागे नेली आणि त्याच तरफेला जोडली. तारेचे आवरण मागच्या बाजूला कुठेतरी पक्के धरावे लागते, नाहीतर आतली तार ओढली जात नाही. चेसिसवर एक सोयीची जागा दिसली. तिथे पट्टी जोडली, आवरण अडकवले. अंगणात चाक फिरवून पाहिले, ब्रेक धरला. गाडीवर बसून गल्लीत चक्कर मारली, ब्रेक छान लागला. मी खूश, पुतण्या खूश.

चार दिवसांनी तो दोन भरलेल्या करंड्या घेऊन तांदूळवाडीच्या घाटात उतरत होता. एका वळणापाशी त्याने डाव्या हाताची दांडी ओढली आणि ती थेट मुठीला येऊन टेकली. ब्रेक लागलाच नाही. त्याने गिअर खाली टाकला, पुढचा ब्रेक जमेल तेवढा धरला आणि गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. दरीकडे घातली नाही, ही त्याची अक्कल. कोपरे सोलवटली, पाने रस्ताभर झाली. फोनवर त्याने मला एकही शब्द वाईट बोलला नाही. "काका, तार सैल पडली वाटतं," एवढेच म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारखान्यात इतकी वर्षे इतरांच्या चुका दाखवत आलो आणि घरच्याच मुलाला अर्धवट तपासलेला ब्रेक देऊन घाटात पाठवले.

गाडी घरी आल्यावर पाहिले तर तार तुटली नव्हती, सुटलीही नव्हती. रिकाम्या गाडीवर ब्रेक आताही नीट लागत होता. मागे तांदळाची गोणी ठेवली आणि दांडी ओढली, की सैल! कारण डोळ्यांसमोर असून दिसत नव्हते. शेवटी शेजारणीची स्कूटर दुरुस्तीला आली होती, तिच्याकडे बघता बघता उलगडा झाला. स्कूटरचा मागचा ब्रेक तारेचाच असतो. त्या तारेचे आवरण गाडीच्या सांगाड्याला धरलेले नसते, ते इंजिनाच्या अंगाला धरलेले असते. आणि स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाबरोबर वरखाली होते. म्हणजे खड्डा आला, वजन वाढले, चाक हलले, तरी आवरणाचे टोक आणि ब्रेकची तरफ यांतले अंतर बदलत नाही. मी आवरण चेसिसला धरले होते. चाक स्विंगआर्मसकट वर सरकले की ते अंतर बदलत होते आणि तार ढिली पडत होती. मी चाचणी केली ती रिकाम्या गाडीवर, सपाट गल्लीत. गाडी चालणार होती ती भरलेली, उतारावर.

मग सगळे पुन्हा केले. आवरणाचे मागचे टोक स्विंगआर्मवर, ड्रमच्या जवळ धरले. दुसरी गोष्ट ताकदीची. पायाने माणूस पंचवीस-तीस किलोचा दाब सहज देतो, कारण अंगाचा भार मदतीला येतो. चार बोटांना ते सतत जमत नाही. म्हणून ड्रमवरची तरफ दीडपट लांब केली. त्याने जोर दीडपट झाला. पण फुकट काही मिळत नाही, दांडीही दीडपट ओढावी लागते. तेव्हा ब्रेकशू आणि ड्रम यांतली मोकळीक नेहमी कमीत कमी ठेवावी लागते आणि शू झिजले की लगेच आवळावे लागते. तार जाड घेतली, वळणे मोठी ठेवली, कारण तीव्र वळणात तार घासते आणि अर्धा जोर तिथेच खाते. पायाचे पेडल काढले नाही. तरफेला लांबट भोक ठेवले, म्हणजे पेडलने ओढा किंवा हाताने, एक दुसऱ्याला अडवत नाही. ब्रेक लाइटचा स्विच नव्या दांडीवरही बसवला. मागून येणाऱ्याला काय माहीत, हा हाताने थांबतो की पायाने? आणि या वेळी दोन गोण्या लादून, उतारावर, आधी मी स्वतः चालवली.

पुढचा भाग पुतण्याचा होता. डावा हात आजवर फक्त क्लच धरत आलेला. आता त्याच हाताने ब्रेक. सुरुवातीला तो घाईत दोन्ही दांड्या एकदम ओढायचा. क्लच धरला की इंजिनाची रोखून धरण्याची मदत जाते आणि गाडी उलट सुटते. आधी ब्रेक, गाडी मंदावली की अगदी शेवटी क्लच, हे त्याने ओहोटीच्या वेळी कडक पुळणीवर रोज सकाळी घोटले. तीन-चार आठवडे लागले. मग एक दिवस तो म्हणाला, "काका, पाय बरा होता तेव्हापेक्षा आता वाळूत बरी चालते."

मला वाटले, माझे मन राखायला बोलतो. पण ते खरे असल्याचे नंतर कळले. उजवीकडच्या निसरड्या वळणावर उजवा पाय आधारासाठी बाहेर काढावा लागतो, तेव्हा पायातला ब्रेक असून नसल्यासारखा. उभ्या उतारावर दोन्ही पाय टेकत गाडी सोडावी लागते, तेव्हाही तेच. चढावर बंद पडलेली गाडी पुन्हा काढताना उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही सांभाळताना तारांबळ होते. मागचा ब्रेक डाव्या हातात असेल तर गाडी मागे घसरत नाही आणि दोन्ही पाय मोकळे राहतात. म्हणूनच दोन्ही पाय धड असलेले ऑफ-रोड चालकसुद्धा परदेशात हा बदल मुद्दाम करून घेतात. तिथे रेक्लूससारख्या कंपन्यांचे आपोआप चालणारे क्लच मिळतात. ते बसवले की क्लचची दांडी लागतच नाही आणि तिची जागा ब्रेकला मिळते. क्लचची दांडी नसलेली मोटारसायकल ही कल्पनाही जुनीच. होंडाची सुपर कब १९५८ पासून तशीच आहे.

याच वाटेवरचे सर्वांत मोठे नाव ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहानचे. १९९२ साली हॉलंडमधल्या आसेनला सरावात तो पडला आणि उजवा पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. डॉ. क्लॉडिओ कोस्टा यांनी रक्तपुरवठा टिकावा म्हणून त्याचे दोन्ही पाय काही दिवस एकमेकांना जोडून ठेवले. पाय वाचला, पण ब्रेकचे पेडल दाबण्याजोगा राहिला नाही. मग त्याच्या होंडाला डाव्या अंगठ्याने दाबायचा मागचा ब्रेक बसवला. त्यानंतर १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे तो पाचशे सीसी गटात जगज्जेता झाला. पुढे धडधाकट पायांच्या शर्यतपटूंनीही अंगठ्याचा ब्रेक उचलला. अडचणीतून काढलेली वाट पुढे सगळ्यांची झाली.

हे ऐकून कुणी घरी पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नये, म्हणून दोन शब्द सावधगिरीचे. मागे डिस्क ब्रेक असेल तर काम आणखी जोखमीचे. तिथे मास्टर सिलिंडरचा व्यास महत्त्वाचा. चौदा मिलिमीटरऐवजी अकराचा घेतला तर त्याच जोरात दाब सुमारे दीडपटीहून जास्त मिळतो, पण दांडीचा प्रवासही तेवढाच वाढतो. हाताचा आणि पायाचा असे दोन सिलिंडर नुसत्या टी-जोडाने एकत्र केले तर एकाचा दाब दुसऱ्याच्या टाकीत निघून जातो आणि ब्रेक लागत नाही. ते जाणकाराचेच काम.

आणि कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल परस्पर करता येत नाहीत. अपंग व्यक्तीसाठी बदल करायचा तर परवानगी घेऊन, तशी नोंद करून घ्यावी लागते. लायसन्सही त्या प्रकारचे लागते. मी परवानगी आधी घ्यायला हवी होती. ती चूकही माझीच. घाटातल्या प्रसंगानंतर वैद्यकीय दाखला, अर्ज, तपासणी हे सगळे रीतसर केले. वेळ लागला, पण तपासणीच्या निमित्ताने दुसऱ्या माणसाचे डोळे माझ्या कामावरून फिरले, हे मला फार बरे वाटले.

एक शब्द मात्र मनात राहिला. पूर्वी कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत. २०१९च्या दुरुस्तीत त्याजागी 'अडॅप्टेड व्हेइकल' हा शब्द आला. पहिल्या शब्दात माणसात खोट आहे. दुसऱ्यात गाडी माणसाप्रमाणे बदलली आहे. फिटर म्हणून मला दुसरा शब्द पटतो. माप चुकले तर आम्ही नटाला दोष देत नाही, पाना बदलतो.

आता पहाटे अंधारात पुतण्याची गाडी आमच्या पडवीपुढून सफाळ्याकडे जाते. वळणापाशी ती मंदावते, मागचा लाल दिवा लागतो. मी अंथरुणात जागाच असतो. दिवा लागलेला दिसला की कूस बदलतो.