पोती किती आणावीत?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळाने वर्षभरात काय मिळवले ते सांगण्याची रीत आहे. ते काम चिटणीसबाईंनी आताच केले. मी मात्र मंडळाने एकदा काय गमावले ते सांगणार आहे. हा विषय मी मागून घेतला, कारण ते गमावणारी मीच आहे.

आपल्या मुलुंडच्या परसबागेचे काम तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. एप्रिल-मे महिन्यांत वाफ्यांची माती तव्यासारखी तापते. सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते. मातीवर पालापाचोळा, पेंढा, भाताचे तूस किंवा नारळाच्या सोडणांचा चुरा अंथरला, म्हणजे ओल टिकते, तण कमी उगवते आणि तेच आच्छादन कुजून पुढे खत होते. हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की माल किती लागेल.

मी टेप धरून सबंध परसू मोजले. लांबी ४० फूट, रुंदी १५ फूट. म्हणजे ६०० चौरस फूट. थर तीन इंचांचा, म्हणजे पाव फुटाचा. सहाशेचा पाव दीडशे घनफूट. एका पोत्यात दोन घनफूट माल, म्हणून पोती ७५. हिशेब चोख, पाढे अचूक! सोडणांच्या चुऱ्याची पंचाहत्तर पोती टेम्पोतून उतरली, तेव्हा मला मोठा अभिमान वाटला.

अंथरायला लागलो, तेव्हा तीस पोत्यांतच वाफे भरले. उरलेली पंचेचाळीस माझ्याकडे बघत राहिली. मग ध्यानात आले, की आपले वाफे पाचच, प्रत्येकी १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद. म्हणजे २४० चौरस फूट. बाकी सगळ्या पायवाटा, पाण्याची टाकी आणि आंब्याचा पार! मी वाट आणि पारसुद्धा पांघरूणात मोजले होते. पोळ्या करताना जेवणारी माणसे मोजावीत. मी घरातले पाट मोजले.

परत घ्यायला दुकानदार राजी नव्हता. पोती भिंतीशी रचून ठेवली. जून उजाडला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो; तो भिंतीआडच्या पोत्यांना सोडतो थोडाच! पोती भिजली, वास सुटला, प्लास्टिकच्या घड्यांत पाणी साचून डास झाले. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. माल उचलून न्यायलाही पैसे पडले.

भगिनींनो, हे पैसे वह्यांच्या निधीतून उसने घेतले होते. त्या जूनमध्ये आपण दरवर्षी ज्या मुलींना वह्या देतो, त्यांच्यातल्या निम्म्याच मुलींना त्या मिळाल्या. खजिनदारबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी आकडा लिहिला आणि सहीसाठी वही माझ्यापुढे सरकवली. ती सही वहीत आहेच; आज तोंडानेही सांगितले.

आता त्या चुकीतून शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट, फक्त वाफे मोजावेत, एकेक करून. वाफा गोल असला तर काठाने चौकट कल्पून मोजावी आणि तिचा पाऊण धरावा; घरच्या बागेला तेवढे पुरते.

दुसरी गोष्ट, एकच आकडा पाठ करावा: बारा. एक घनफूट माल एक इंच जाडीने १२ चौरस फुटांवर बसतो. दोन इंच जाडी हवी तर सहा चौरस फुटांवर, तीन इंच हवी तर चारांवर. घनफूट समजत नसेल, तर चौदा-पंधरा लिटरची बादली घ्यावी. ती जवळजवळ अर्ध्या घनफुटाची असते. वाहतुकीत माल दबतो, म्हणून पोत्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. आधी एकच पोते आणावे, मोकळे करून बादलीने मोजावे आणि मगच बाकीची मागवावीत.

तिसरी गोष्ट, सुका पाला फसवतो. तो चार दिवसांत निम्म्याहून खाली बसतो. दोन इंचांचा थर हवा असेल, तर पसरताना पाच इंच पसरावा.

चौथी गोष्ट, थर ऋतूप्रमाणे असावा. तीन इंच उन्हाळ्याला. पावसाळ्याआधी तो विरळ करावा, नाहीतर मुळे गुदमरतात आणि गोगलगायी माजतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा नसला तरी मुंबईचा जोरदार पाऊस सैल पाला गटाराच्या तोंडाशी नेतोच. आणि बारा महिने खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. ओला थर खोडाला टेकला की खोड कुजते.

पाचवी गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने सांगितली नाही. ती पोती उचलली जात असताना आपल्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, पाला मी रोज फेकते, आणि तुम्ही विकत आणता!”

मला उत्तर सुचेना. आंब्याचा, बदामाचा, पर्जन्यवृक्षाचा पाला आपल्या दारात पडतो आणि आपण तो गाडीत भरून पाठवतो. मुलुंडच्या कचराभूमीवर कचरा टाकणे २०१८ साली थांबले. पण आपला कचरा थांबला नाही, तो कांजूरमार्गाकडे वळला. याच मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला कचरा, पालापाचोळा आणि उसाची चिपाडे यांवर फळाभाज्यांची बाग उभी केली. मग आपल्याला अंगणातला पाला का चालू नये?

तेव्हापासून मावशी डिसेंबर ते मार्च पाला वेगळा ठेवतात. त्या कामाचे पैसे मंडळ त्यांना निराळे देते. त्यातले प्लास्टिक निवडायला आपण आळीपाळीने बसतो. चौकातला रसवाला चिपाडे देतो. ती उन्हात कडकडीत वाळवून घेतो, नाहीतर मुंग्या-माश्या येतात. खाली पाल्या-चिपाडांचा दोन इंचांचा थर आणि वर वाऱ्याने उडू नये म्हणून विकतच्या चुऱ्याचा एक इंच. २४० चौरस फुटांना एक इंच, म्हणजे २० घनफूट, पोती दहा.

पंचाहत्तर कुठे आणि दहा कुठे! यंदा उसनवारी करावी लागली नाही आणि जूनमध्ये वह्या यादीतल्या सगळ्या मुलींना मिळाल्या. ज्यांना त्या वर्षी मिळाल्या नव्हत्या, त्यांची नावे मी यादीत सर्वांत वर घातली होती.

येत्या एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आपण वाफे अंथरणार आहोत. प्रत्येकीने एक बादली आणि एक फूटपट्टी आणावी. मोजायला मावशींना पुढे बसवायचे मी ठरवले आहे; टेप माझ्या हाती देऊ नका.