एस्टिमेट आधी, ग्रामसभा नंतर



अभियंत्यांच्या या मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून माझं नाव ठरल्याचं घरी सांगितलं, तेव्हा आमची ही म्हणाली, "म्हणजे पुन्हा पेव्हर ब्लॉकच ना?" हो, पुन्हा पेव्हर ब्लॉकच.

गावाचं नाव सांगत नाही. देवळासमोर ब्लॉक बसवायचे, असं काम वरूनच ठरून आलेलं. ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! पुढच्या खेपेला पंधरा-सतरा माणसं जमली. एस्टिमेट माझ्या पिशवीत तयारच होतं. ठराव व्हायचा होता, पण ब्रास आणि चौरस मीटर मी आदल्या रात्रीच मांडून ठेवले होते. मागून एक बाई म्हणाली, "सायेब, वढ्यावर चार पायऱ्या होतील का? धुणं घेऊन उतरताना पाय घसरतोय." मी म्हणालो, "बाई, या हेडमध्ये बसत नाही." ते खरंही होतं. ती खाली बसली. मग वर्षभरात मी त्या गावच्या जेवढ्या सभांना गेलो, त्यातल्या एकीलाही ती दिसली नाही.

अशा बाईच्या मागणीला कायद्यानं जागा ठेवलेली नाही, असं म्हणता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधला, तरी ४० टक्के अबंधित राहिला. आपल्या राज्यातल्या आदिवासी भागात, म्हणजे पेसा कायद्याच्या क्षेत्रात, २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचे ५ टक्के थेट ग्रामपंचायतींकडे जातात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, गावाच्या विकास आराखड्याआधी शिवारफेरी काढायची, हे सगळं लिहिलेलं आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच गावांत मात्र आराखडा शेवटच्या तारखेला ऑपरेटर भरतो. गेल्या वर्षीची यादी उघडायची आणि साल बदलायचं. जिल्हा नियोजन समितीचं तर विचारूच नका. तिचे चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून यायचे, आणि त्या संस्थांच्या निवडणुकाच वर्षानुवर्षं लांबल्या.

लोकांना विचारलं की ते देऊळच मागतात, असं आपल्यातले अनेकजण म्हणतात. मागतात. ज्याची गल्ली मोठी त्याचा रस्ता आधी होतो, हेही मी पाहिलंय. वस्तीवरचा माणूस भर सभेत पाटलांसमोर बोलत नाही. म्हणून आधी वस्तीवर बसायचं, मग चावडीवर. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात निर्णय मतदानानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. त्याआधी अभ्यासगटात तो विषय चघळला जातो. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढं बांबूचा पैसा आला, तेव्हा तो कुठं घालायचा हे ठरवायची सवय गावाला आधीच होती. पैसा आधी आला असता, तर काय झालं असतं कोण जाणे.

आता आपल्या धंद्याचं बोलतो. केरळनं १९९६ मध्ये योजनेचा ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं, तेव्हा लोकांच्या मागण्या तांत्रिक कागदावर आणणार कोण, हा प्रश्न आलाच. त्यासाठी निवृत्त अभियंते आणि इतर जाणकार स्वखुशीनं पुढं आले आणि त्यांनी गावोगावचे प्रकल्प तपासले. या सभागृहात निवृत्त मंडळी कमी नाहीत. सकाळी फिरायला जाऊन उरलेल्या दिवसाचं आपण काय करतो, हे एकमेकांना ठाऊक आहे.

माझी मागणी छोटी आहे. तांत्रिक मान्यतेला जाणारं एस्टिमेट जाऊ दे जसं जातं तसं. त्याआधी ग्रामसभेसाठी एक पान मराठीत काढा: सिमेंटच्या गोण्या किती, खडी किती, मजुरी किती, काम किती दिवसांचं आणि याच पैशात दुसरं काय होऊ शकतं. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण "हेडमध्ये बसत नाही" म्हणण्याआधी आपल्याला हेड शोधावं लागेल.

नमुना म्हणून ओढ्यावरच्या पायऱ्यांचं असं एक पान मी करून आणलंय. प्रती बाहेर नोंदणीच्या टेबलावर आहेत. दुपारच्या चहानंतर चुका काढा. दगडाचे दर मी जुन्या दरसूचीवरून धरलेत, ते आधी तपासा.