डुबकीआधीचा हिशेब



वाशीमच्या माणसाने समुद्राच्या तळाशी जाण्यावर व्याख्यान द्यावे, याचे काहींना हसू आले असेल. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. आहेत ती पद्मतीर्थासारखी तळी आणि उन्हाळ्यात तळ दाखविणाऱ्या विहिरी. पाठीला डबा बांधून अशाच एका विहिरीत आम्ही पोहावयास शिकलो. परंतु आज आपल्या घरांतील मुले सुटीत मालवणला जाऊन स्कूबाची डुबकी घेतात आणि शिक्षणासाठी ब्रिटनला गेलेली काही तेथील थंड समुद्रातही उतरतात. अशा सहलीची आखणी कशी करावी, एवढाच आजचा विषय.

पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळेपणी पाण्याखाली हिंडण्याची सोय कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली सिद्ध केली. तिच्यामुळे श्वासाची अडचण मिटली, पाण्याचा दाब मात्र राहिलाच. दहा मीटर खोलीवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे फुप्फुसात भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. म्हणून पहिला नियम असा की, श्वास कधीही रोखून धरू नये आणि वर सावकाश यावे. दुसरी गोष्ट नत्रवायूची. दाबाखाली तो रक्तात विरघळतो. गोळीच्या सोड्याची बाटली एकदम उघडली म्हणजे कसा फेस येतो, ते आपण पाहिलेच आहे. दाब एकाएकी कमी झाला तर शरीरातही तसेच बुडबुडे होऊ शकतात.

आता आमच्या सहलीकडे वळतो. आम्ही सहाजण होतो. वाशीम ते मालवण हे अंतर सातशे किलोमीटरांच्या आसपास. पहिल्या बैठकीतच वाद झाला. एका स्नेह्याचे म्हणणे असे की, पोहोचावे, दुसऱ्या दिवशी सकाळी डुबकी घ्यावी आणि दुपारी गाडी काढावी. उगाच खोलीचे भाडे कशाला? हिशेब चोख होता; पण त्यात समुद्राला विचारलेले नव्हते. अखेर दोन दिवस राखीव ठेवावयाचे ठरले.

वेळ कोणती निवडावी? पावसाळ्याचे चार महिने वर्ज्यच. इतर दिवसांत आपले पंचांग कामास येते. तिथीला पाऊणपटीने गुणले की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी जोराने ओढते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ओढ कमी. आम्ही अष्टमी धरली.

पहिल्याच सकाळी प्रकृतीचा तक्ता भरावयास मिळाला. ज्यांनी राखीव दिवसांना विरोध केला होता, त्याच स्नेह्यांना पडसे झाले होते. त्यांनी 'काही विकार नाही' असे लिहिले. आम्हांस ठाऊक असून आम्हीही गप्प राहिलो. ही आमची चूक आम्ही येथे उघड कबूल करतो. सिंधुदुर्गाच्या तटाजवळ ते जेमतेम तीन मीटर उतरले आणि कान धरून खुणा करू लागले. पडशाने कानाची वाट बंद होते, दाब आत-बाहेर सारखा होत नाही आणि पडदा फाटण्याची भीती असते. शिक्षकाने त्यांना हळूच वर आणले. वर आल्यावर ते म्हणाले, "इतक्या लांब आलो, म्हणून बोललो नाही."

श्रोतेहो, हे वाक्य आम्ही अजून विसरलो नाही. किनाऱ्यावरचा माणूस 'आज नको' असे सहज म्हणतो, कारण त्याला उद्या आहे. लांबून आलेल्या माणसाला त्याचे परतीचे तिकीट तसे म्हणू देत नाही. त्याच्यासाठी राखीव दिवस ही चैन नसून प्राणरक्षणाची वस्तू आहे. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि होड्या निघाल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी समुद्र निवळला. उरलेले पाचजण उतरलो. प्रवाळ पाहिले, माशांचे थवे पाहिले. ते स्नेही होडीत बसून प्रत्येकाच्या उतरण्या-चढण्याची वेळ लिहीत होते. ते कामही आखणीचाच भाग आहे.

धोका खोलीतच असतो असे नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. होडीत पाय ठेवताच जीवरक्षक जाकीट अंगात घालावे आणि माणसे जास्त दिसली तर सरळ उतरून जावे.

आणि परतीची वाट? ती घाटातून जाते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. वर हवेचा दाब कमी, म्हणून सोड्याची बाटली पुन्हा आठवा. एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमानात बसू नये, असा पाणबुड्यांचा संकेत आहे. त्यात धरलेली उंची ६०० मीटरांच्या आसपास सुरू होते. तेव्हा घाटालाही तोच नियम लावणे शहाणपणाचे. उथळ आणि थोड्या वेळाच्या डुबकीत भय अल्प असते हे खरे. पण एक रात्र मालवणात काढली तर बिघडते काय?

ब्रिटनसारख्या थंड किनाऱ्यावर हाच हिशेब अधिक कडक होतो. मालवणचे पाणी सुमारे २८ अंशांचे. तेथे उन्हाळ्याच्या शेवटीही ते पंधरा-सोळा अंशांच्या आसपासच असते. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगाने नेते. तेथे पाच-सात मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख, टोपी आणि हातमोजे लागतात, किंवा पाणी आत न येऊ देणारा कोरडा पोशाख. तो वापरण्याचे शिक्षण आधी घ्यावे लागते. थंडीत हवा लवकर संपते, बोटे बधिर होऊन साधी बकलेही सुटत नाहीत. कित्येक ठिकाणी प्रवाह इतके जोराचे असतात की, ते मंदावतात तेवढ्याच वेळात उतरावे लागते. त्यासाठी पाऊणपटीचा हिशेब पुरत नाही, त्या बंदराचेच कोष्टक पाहावे. हुडहुडी भरली की डुबकी संपली, असे मुलांना पत्रातून जरूर कळवा.

तात्पर्य, सहलीची आखणी घरी परतण्याच्या घटकेपासून उलट मोजीत आणावी, त्यात एक दिवस समुद्रासाठी राखावा, आणि निघण्याआधीच परस्परांना वचन द्यावे की, कोणीही 'आज नको' म्हणाला तर त्याला कारण विचारावयाचे नाही. आमचे ते स्नेही आज या सभेत पहिल्या रांगेत बसले आहेत. यंदा पुन्हा जाण्याचा बेत आहे, आणि राखीव दिवस दोनाचे तीन करा, अशी सूचना त्यांचीच आहे.